पेढी, पत आणि नागरिकत्व : अथेन्सच्या पॅसिऑनची कथा

आजच्या ग्रीसमध्ये बँकेला ‘त्रापेझा’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ मेज. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्सच्या बाजारात आणि तिच्या पायरीअस बंदरात नाणी मोडून देणारे सराफ एकेक मेज मांडून बसत. त्या मेजावरून धंद्याला ‘त्रापेझा’ आणि धंदा करणाऱ्याला ‘त्रापेझितेस’ हे नाव पडले. आपल्याकडे ‘पेढी’ म्हटले की दुकान, भांडवल आणि घराण्याचे नाव अशा तिन्ही गोष्टी एकदम डोळ्यांसमोर येतात. अथेन्सच्या त्या मेजालाही हळूहळू तसाच अर्थ चिकटला.

या मेजांवर बसणाऱ्यांत सर्वांत नामांकित ठरलेला सराफ अथेन्सचा नागरिक नव्हता. आयुष्याच्या पूर्वार्धात तर तो स्वतंत्र माणूसही नव्हता. पॅसिऑन हे त्याचे नाव. तो दुसऱ्याच्या पेढीवर गुलाम म्हणून कामाला होता. पुढे त्या नगरीतला अतिशय श्रीमंत पुरुष झाला आणि अखेर नागरिकही झाला. त्याची हकिगत कोणा इतिहासकाराने लिहून ठेवलेली नाही. ती न्यायालयातील भाषणांतून कळते. अथेन्समध्ये पक्षकाराने स्वतः उभे राहून आपली बाजू मांडावी आणि भाषण मात्र जाणत्या लेखकाकडून लिहून घ्यावे, अशी रीत होती. त्यामुळे या हकिगतीत प्रत्येक पक्षाचा रंग मिसळलेला आहे हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी लागते. तरीही लोकसत्तेचा उगम म्हणून गौरवलेली ही नगरी व्यापाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहत होती, हे या एका घराण्याच्या चरित्रातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते.

राज्य कोणाचे?

सोलनने इ. स. पूर्व ५९४ मध्ये कर्जापायी माणसाचे शरीर गहाण ठेवण्याची प्रथा बंद केली. त्यानंतर कर्ज फिटले नाही म्हणून कोणा अथेन्सकराला गुलाम होण्याची पाळी येणार नव्हती. पुढे ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिसने नागरिकांची दहा गणांत नवी विभागणी केली. प्रत्येक गणातून चिठ्ठ्या टाकून पन्नास माणसे निवडली जात आणि अशा पाचशे जणांचे मंडळ दैनंदिन कारभार पाही. अंतिम सत्ता प्निक्स टेकडीवर भरणाऱ्या नागरिकसभेची होती. इ. स. पूर्व चौथ्या शतकात ही सभा वर्षातून सुमारे चाळीस वेळा भरे. न्यायदानही नागरिकांच्याच हाती होते. तिशी उलटलेल्या सहा हजार नागरिकांची दरवर्षी नोंद होई, त्यांतून दोनशे, चारशे, पाचशे जणांची न्यायमंडळे बसत आणि दिवसाला तीन ओबोल भत्ता मिळे. भाषणांना किती वेळ द्यायचा हे पाण्याच्या घटिकेवरून ठरे. गरिबातल्या गरीब नागरिकाला श्रीमंताच्या बरोबरीने एक मत होते, ही त्या काळात असाधारण गोष्ट होती.

परंतु नागरिक म्हणजे कोण, हा प्रश्न विचारला की चित्र पालटते. पेरिक्लीजने इ. स. पूर्व ४५१ मध्ये करवून घेतलेल्या कायद्यानुसार ज्याचे आईवडील दोघेही अथेन्सचे, तोच नागरिक. स्त्रियांना सभेत स्थान नव्हते. थोड्या धान्याच्या किमतीपलीकडचा करारसुद्धा त्यांना स्वतःच्या नावाने करता येत नसे. गुलामांना तर कसलाच हक्क नव्हता. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग होता, ‘मेटिक’ म्हणजे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या लोकांचा. मुक्त झालेला गुलामही याच वर्गात मोडे. व्यापार, कारागिरी आणि सराफी यांचा मोठा भाग मेटिकांच्याच हातात होता. पुरुषाला वर्षाला बारा द्राख्मा आणि स्वतंत्र राहणाऱ्या स्त्रीला सहा द्राख्मा कर द्यावा लागे. तो चुकवणाऱ्याला गुलाम म्हणून विकले जाऊ शके. युद्धप्रसंगी मेटिकाने लढावे, पैसा द्यावा. मात्र त्याने मत द्यावयाचे नाही आणि जमीन किंवा घर विकत घ्यावयाचे नाही, असा दंडक होता.

हक्काविना जमवलेली संपत्ती किती कच्च्या पायावर उभी असते, याचा दाखला पॅसिऑनच्या तरुणपणीच घडला. इ. स. पूर्व ४०४ मध्ये अथेन्सचा युद्धात पराभव झाला आणि तीस जणांची जुलमी राजवट आली. खजिना रिकामा होता. त्यांनी श्रीमंत मेटिकांची यादी केली. ढाली बनवण्याचा मोठा कारखाना चालवणारे लिसियस आणि पोलेमार्कस हे बंधू तिच्यात होते. त्यांच्याकडून सातशे ढाली, सोनेचांदी आणि एकशेवीस गुलाम जप्त झाले. पोलेमार्कसला विषाचा पेला प्यावा लागला. लिसियस मागच्या दाराने निसटला. अपराध एकच होता. घरात पैसा होता आणि पाठीशी मत नव्हते.

मेजावरचे काम

सराफाची गरज नगरीला होती, कारण प्रत्येक ग्रीक नगर स्वतःची नाणी पाडी. अथेन्सच्या नाण्यावर घुबड असे आणि लॉरिऑनच्या खाणींतली चांदी त्यासाठी वापरली जाई. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा, शंभर द्राख्मा म्हणजे एक मिना, साठ मिना म्हणजे एक टॅलेंट, असा हिशेब होता. कुशल कारागिराची दिवसाची मजुरी सुमारे एक द्राख्मा. म्हणजे एक टॅलेंट ही त्याची सहा हजार दिवसांची कमाई. हा द्राख्मा आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्यावरून संस्कृतात ‘द्रम्म’ आला, कोकणच्या शिलाहारांच्या दानपत्रांत द्रम्मांचे उल्लेख आहेत, आणि त्याच द्रम्मातून आपण रोज मोजतो तो ‘दाम’ निघाला.

खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा इ. स. पूर्व ३७५ च्या सुमारास निकोफोन नावाच्या नागरिकाच्या प्रस्तावावरून एक कायदा झाला. तो कोरलेला दगड १९७० मध्ये अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेच्या उत्खननात सापडला. सराफांच्या मेजांमध्ये एक सरकारी पारखी बसेल, तसाच दुसरा पायरीअस बंदरात बसेल, असे त्यात म्हटले आहे. पारख्याने खरे ठरवलेले नाणे कोणी नाकारले तर त्याचा त्या दिवशीचा माल जप्त होई. आत तांबे किंवा शिसे असलेले नाणे जागच्या जागी आडवे कापून देवमातेच्या मंदिरात जमा केले जाई. हा पारखी सरकारी गुलाम असे. कामात कसूर झाली तर त्याला पन्नास फटके मारावेत, असेही त्याच दगडावर कोरलेले आहे. साऱ्या बाजाराचा विश्वास ज्याच्या बोटांवर आणि डोळ्यांवर उभा, त्याचे स्वतःचे स्थान असे होते.

पॅसिऑन अशाच कामातून वर आला. अँटिस्थेनिस आणि आर्केस्ट्राटस या दोन सराफांच्या पेढीवर तो गुलाम होता. त्याचा प्रामाणिकपणा आणि हिशेबातली नजर पाहून मालकांनी त्याला मुक्त केले आणि कालांतराने पेढी त्याच्याकडे आली. पेढीवर नाणी मोडून मिळत, ठेवी घेतल्या जात, कर्जे दिली जात, मौल्यवान वस्तू अनामत ठेवल्या जात आणि एकाच्या वतीने दुसऱ्याला रक्कम चुकती केली जाई. ठेव ठेवताना साक्षीदार बोलावण्याची रीत नव्हती. सारा भरवसा सराफाच्या शब्दावर आणि त्याच्या वहीवर असे.

ही वही कशी लिहीत, याचे एक उदाहरण खटल्याच्या कागदांत टिकून आहे. हेराक्लिआचा व्यापारी लायकॉन याने समुद्रप्रवासाला निघताना १६४० द्राख्मा पॅसिऑनकडे ठेवले. ते आपला भागीदार केफिसिआडिस याला द्यावेत, असे त्याने सांगितले. केफिसिआडिस त्या वेळी परगावी होता आणि पेढीवर त्याला कोणी ओळखत नव्हते. म्हणून वहीत ठेवीदाराचे नाव, रक्कम, ज्याला द्यायची त्याचे नाव आणि शेवटी त्याची ओळख पटवणाऱ्या अथेन्सकराचे नाव, असे चार तपशील लिहिले गेले. घेणारा ओळखीचा असेल तर केवळ त्याचे नाव पुरे. ओळखीचा नसेल तर ओळख देणाऱ्याचेही नाव हवे, हा पेढीचा नियम होता. आज खाते उघडताना जे सोपस्कार करावे लागतात, त्यांचे मूळ किती जुने आहे ते यावरून दिसते.

वाटेत चाचांनी लायकॉनचे जहाज गाठले. तो जखमी झाला आणि आर्गोस येथे मरण पावला. बातमी येताच कालिप्पस नावाचा वजनदार नागरिक पेढीवर आला. हेराक्लिआच्या लोकांचे हितसंबंध अथेन्समध्ये तो पाही आणि त्या नात्याने पैशावर त्याची नजर होती. पेढीवरच्या फोर्मिऑनने त्याला निःसंकोच वही दाखवली. पुढे केफिसिआडिस परतला, ओळख पटली आणि रक्कम त्याला मिळाली. कालिप्पसने दीर्घकाळ हा राग मनात ठेवला आणि शेवटी खटला भरला. नागरिकाची मर्जी सांभाळणे पेढीला सोयीचे होते. पण मृत ठेवीदाराचा शब्द पाळला गेला. पत म्हणतात ती अशाच निर्णयांतून जमत गेली असणार.

पैसा समुद्रावरही जाई. अथेन्सची स्वतःची शेती नगरीला पुरत नसे. काळ्या समुद्राच्या बोस्पोरस राज्यातून दरवर्षी चार लाख माप धान्य येते, असे वक्ता डेमॉस्थिनीस सांगतो. अशा सफरींसाठी दिलेल्या कर्जाचा एक करार उपलब्ध आहे. तीन हजार द्राख्मांचे कर्ज, मेंडे येथील मद्याचे तीन हजार रांजण तारण, आणि सफरीचे व्याज हजारी २२५. स्वाती नक्षत्राचा उदय होऊन गेल्यावर, म्हणजे वादळांच्या दिवसांत परतायचे असेल तर हजारी ३००. जहाज बुडाले तर मुद्दलही बुडाले. कर्जदाराने काही देणे लागत नाही. जमिनीच्या तारणावर सर्वसाधारण व्याज दरमहा शेकडा एक एवढेच असे. समुद्रातल्या व्याजात कर्जाबरोबर विम्याचाही भार सामावलेला होता, हे या फरकावरून उमगते.

संशय आणि सन्मान

साक्षीदाराविना चालणाऱ्या धंद्यात आरोप टळत नाहीत. इ. स. पूर्व ३९३ च्या सुमारास बोस्पोरसच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलाने पॅसिऑनवर ठेव दडपल्याचा आरोप केला. मायदेशी त्याच्या वडिलांवर राजाची गैरमर्जी झाली आणि मुलाचा अथेन्समधला पैसाही ताब्यात घेण्याचा हुकूम सुटला. तेव्हा पैसा वाचवण्यासाठी, पॅसिऑनच्याच सल्ल्याने, आपली पेढीत काही ठेव नाही असे या तरुणाने जाहीरपणे सांगितले होते. पुढे वडिलांचे दिवस पालटले आणि त्याने ठेव मागितली, तेव्हा तेच शब्द त्याच्यावर उलटले, अशी त्याची तक्रार. त्याचे भाषण आयसोक्रेटिसने लिहून दिले. पेढीवरच्या किट्टस नावाच्या गुलामाला यातना देऊन खरे वदवून घ्यावे, अशी मागणीही त्यात आहे. गुलामाची साक्ष यातनेखेरीज ग्राह्य नाही, हा त्या न्यायालयांचा नियम होता. सर्वांना मोकळेपणाने बोलू देणाऱ्या नगरीच्या न्यायव्यवस्थेत हे क्रौर्यही होते.

या प्रकरणानंतरही पेढी वाढतच गेली. पॅसिऑनने ढालींचा कारखाना काढला. लिसियसच्या कुटुंबाकडून राज्याने ढाली हिसकावल्या होत्या. पॅसिऑनने आपण होऊन एक हजार ढाली नगरीला दिल्या. पाच युद्धनौकांचा खर्चही स्वखुशीने उचलला. या सेवेबद्दल नागरिकसभेने त्याला आणि त्याच्या वंशजांना नागरिकत्व दिले. हा सन्मान स्वस्त नव्हता. एका सभेत ठराव झाल्यावर पुढच्या सभेत किमान सहा हजार नागरिकांनी गुप्त मतदानाने त्याला संमती द्यावी लागे. पेढीवरचा एके काळचा गुलाम आता प्निक्स टेकडीवर जाऊन हात वर करू शकत होता.

याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच्या कारखान्यात राबणारे गुलामच होते. लॉरिऑनच्या खाणींत तर हजारो गुलाम अंधारात मरेपर्यंत चांदी खणत. निकिअस या सेनापतीने एक हजार गुलाम माणशी रोज एक ओबोल दराने खाणीसाठी भाड्याने दिले होते, असे झेनोफोन लिहितो. अक्षरओळख आणि हिशेब येत होता म्हणून पॅसिऑन वर आला. खाणीतल्या माणसाला तो मार्ग नव्हता. मुक्त झालेल्याने स्वतः गुलाम बाळगावेत, यात कोणाला विसंगती वाटली नाही.

अकरा टॅलेंटची नोंद

वृद्धापकाळी पॅसिऑनने पेढी आणि कारखाना फोर्मिऑनला भाड्याने चालवायला दिला. फोर्मिऑन हा त्याने विकत घेतलेला परदेशी गुलाम. धंदा शिकून तो पेढीचा मुनीम झाला होता आणि धन्यासारखाच मुक्तही झाला होता. भाडे ठरले वर्षाला दोन टॅलेंट चाळीस मिना : पेढीचे शंभर मिना आणि कारखान्याचे साठ. त्या वेळी पॅसिऑनची स्थावर मालमत्ता सुमारे वीस टॅलेंटची होती आणि पन्नास टॅलेंटहून अधिक रक्कम कर्जाऊ दिलेली होती. या रकमेत अकरा टॅलेंट पेढीतल्या ठेवींचे होते, आणि ते जमिनी व घरांच्या तारणावर दिलेले होते.

इथे अडचण आली. फोर्मिऑन अजून मेटिक होता. कर्जदाराने पैसे बुडवले तर तारणाची जमीन ताब्यात घेणे त्याला कायद्याने शक्य नव्हते. मेटिकाला जमीन धारण करता येत नाही, मग तिच्या तारणावरचे येणे तो वसूल कसे करणार? उपाय असा काढला गेला की ते अकरा टॅलेंट पॅसिऑनच पेढीला देणे लागतो, अशी भाडेपत्रात नोंद करायची. पॅसिऑन नागरिक होता. कुळांकडून वसुली त्याने करायची आणि पेढीला त्याने द्यायचे. पेढी तीच, कुळे तीच, तारण तेच. केवळ चालवणाऱ्याला नागरिकत्व नाही म्हणून जमाखर्चाला हा वळसा घालावा लागला. मेटिकांना हक्क नाकारण्याची किंमत नगरीलाच कशी मोजावी लागे, हे या एका नोंदीइतके दुसरे काही सांगत नाही. ज्यांच्या हाती रोकड होती त्यांना जमिनीवर निर्धोकपणे कर्ज देता येत नव्हते, आणि जमीनधारक नागरिकांची त्यांच्यापाशी कर्ज मिळण्याची एक वाट त्यामुळे अरुंद होत होती.

बाप, मुनीम आणि मुलगा

इ. स. पूर्व ३७० च्या सुमारास पॅसिऑन वारला. मृत्युपत्रात त्याने पत्नी आर्किप्पी हिचा विवाह मोठ्या हुंड्यासह फोर्मिऑनशी लावून दिला आणि धाकट्या, अल्पवयीन पासिक्लीसच्या पालकांत त्याला नेमले. आपल्याला हे चमत्कारिक वाटेल. पण सराफी धंद्यात मालकाने विश्वासू मुक्त गुलामाच्या हाती पेढी आणि कुटुंब दोन्ही सोपवल्याची अन्य उदाहरणेही अथेन्समध्ये होती. पेढी हे भांडवलापेक्षा माणसावर चालते, आणि तो माणूस घरचाच व्हावा, हा त्यामागचा विचार.

थोरला मुलगा अपोलोडोरस त्या वेळी चोवीस वर्षांचा होता. तो युद्धनौकेवर बाहेर असताना हा विवाह झाला आणि तो त्याला कधीच सहन झाला नाही. आठ वर्षांनी धाकटा सज्ञान झाल्यावर दोघा भावांत वाटणी झाली. निवडीचा हक्क थोरल्याचा होता. पेढीचे उत्पन्न जास्त, तरी त्याने कारखाना निवडला. कारखाना ही हातातली मालमत्ता, पेढी मात्र दुसऱ्यांच्या पैशावर चालणारा जोखमीचा धंदा, असे त्याचे कारण न्यायालयात सांगितले गेले. बापाने ज्या जोखमीवर घराणे उभे केले ती मुलाला नको होती. आणि त्यात वावगे असे काही नव्हते.

वावगे झाले ते पुढे. अपोलोडोरस राजकारणात शिरला, एकामागून एक खटले भरू लागला. मऊ झगा आणि मागे तीन नोकर घेऊन तो फिरतो, गणिकांवर पैसा उधळतो, असे त्याच्याविषयी न्यायालयात बोलले गेले. दरम्यान इ. स. पूर्व ३६१ च्या सुमारास फोर्मिऑनही नागरिक झाला. बापाच्या मृत्यूला वीस वर्षे होत आल्यावर अपोलोडोरसने त्याच्यावर वीस टॅलेंटचा दावा लावला : पेढीचे मूळ भांडवल त्याने गिळले, हा आरोप. पेढीचा सारा व्यवहार आई जाणत होती आणि ती हयात असेपर्यंत हा आरोप एकदाही झाला नव्हता, याकडे विरुद्ध बाजूने लक्ष वेधले.

फोर्मिऑनचे बचावाचे भाषण डेमॉस्थिनीसने लिहिले. फोर्मिऑनला वक्तृत्व अवगत नव्हते. त्याच्या ग्रीक बोलण्यातल्या चुकांवरून पुढे त्याची थट्टाही झाली. म्हणून त्याच्या वतीने मित्र बोलले. बचावाचे मुद्दे आजच्या कोणत्याही विधी विभागाला ओळखीचे वाटतील. पहिला, अपोलोडोरसने पूर्वीच सर्व देणेघेणे चुकते झाल्याची फारकत दिली आहे. दुसरा, कायद्याने दाव्याला पाच वर्षांची मुदत घातली आहे आणि ती केव्हाच उलटली. तिसरा मुद्दा कायद्याचा नव्हता. व्यापारात पत हेच सर्वांत मोठे भांडवल आहे, आणि ते फोर्मिऑनला कोणी दिले नाही, त्याच्या वागणुकीने मिळवले, असा त्याचा आशय होता. गुलाम म्हणून ज्याला हिणवता तो आणि तुझा बाप एकाच वाटेने आले, ही आठवणही मुलाला करून देण्यात आली.

न्यायमंडळाने अपोलोडोरसचे म्हणणे ऐकूनही घेतले नाही. त्याला एक पंचमांश मतेही मिळाली नाहीत, आणि अशा पराभवाला ठरलेला दंड, दाव्याच्या रकमेचा सहावा हिस्सा, त्याच्यावर बसला. वीस टॅलेंटचा सहावा हिस्सा म्हणजे तीन टॅलेंट वीस मिना. तरी तो थांबला नाही. एका साक्षीदारावर खोट्या साक्षीचा खटला भरून त्याने फोर्मिऑनवर पुन्हा चिखलफेक केली. त्या भाषणाचा लेखकही डेमॉस्थिनीसच मानला जातो. एकाच दुकानातून दोन्ही वैऱ्यांना सुरे विकल्याचा ठपका प्लुटार्कने पुढे त्याच्यावर ठेवला.

विचारवंत आणि बाजार

या साऱ्या काळात अथेन्सचे थोर विचारवंत व्यापाराकडे संशयाने पाहत होते. प्लेटोने आपल्या आदर्श नगरीच्या कायद्यांत नागरिकांना किरकोळ व्यापारापासून दूर ठेवले. ॲरिस्टॉटलला पैशाने पैसा जन्माला घालणे हे कमाईच्या सर्व प्रकारांत सर्वांत निसर्गविरुद्ध वाटले. ग्रीक भाषेत व्याज आणि अपत्य यांना ‘टोकोस’ हा एकच शब्द आहे, यावर त्याने बोट ठेवले. सावकारीतल्या पिळवणुकीकडे पाहता त्याची शंका निराधार म्हणता येत नाही. पण त्याच्या पाठशाळेतल्या भाकरीचे धान्यही समुद्रकर्जावरच अथेन्सला येत होते.

झेनोफोनची दृष्टी वेगळी होती. इ. स. पूर्व ३५५ च्या सुमारास, युद्धांनी नगरीचा खजिना आटलेला असताना, उत्पन्नाच्या साधनांवर त्याने एक छोटा ग्रंथ लिहिला. मेटिकांवरचे अपमानास्पद निर्बंध काढावेत, त्यांना घरे बांधू द्यावीत, व्यापाऱ्यांना नाट्यगृहात मानाची आसने द्यावीत, बंदरात उतारू व्यापाऱ्यांसाठी निवास बांधावेत, आणि त्यांचे तंटे न्यायाने व लवकर सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांना बक्षीस द्यावे, अशा त्याच्या सूचना होत्या. त्यांतली एक गोष्ट थोड्याच काळात प्रत्यक्षात आली. सागरी व्यापारातले लेखी कराराचे तंटे वेगळ्या पद्धतीने, लवकर निकाली निघू लागले आणि त्या न्यायालयात परका व्यापारीही नागरिकाच्या बरोबरीने दाद मागू शकू लागला. सभेचे दार बंद राहिले तरी न्यायाचे दार उघडले.

अथेन्सच्या लोकसत्तेने जगाला बहुमताचा, चर्चेचा आणि कायद्यापुढील समतेचा विचार दिला, याबद्दल तिचा गौरव योग्यच आहे. पॅसिऑन आणि फोर्मिऑन यांच्या कथेत त्या विचाराची पुढची पायरी दिसते. लायकॉनच्या ठेवीची नोंद करताना पेढीने एकच गोष्ट पाहिली, की पैसे कोणाचे आणि ते कोणाच्या हाती पोचले पाहिजेत. ठेवीदार परका, भागीदार परका, पैसे मागणारा नागरिक. वहीने यांत भेद केला नाही. नगरीच्या कायद्याला ही नजर यायला पुष्कळ वेळ लागला, आणि पुरती तर ती आलीच नाही. त्या मेजांवरची रोकड केव्हाच विरून गेली. एका परक्या ठेवीदाराच्या नावापुढे लिहिलेले १६४० द्राख्मा मात्र योग्य माणसाला पोचले, एवढी नोंद मागे राहिली आहे.